बॅटची कड

४ जानेवारी २००९, रविवार

आज अंबरनाथ पूर्वेच्या मंगल कार्यालयात माणसांचा लिलाव झाला, आणि विकली गेलेली माणसं पेढे वाटत घरी गेली.

सहा संघ. प्रत्येकाला हजार गुण, त्यात चौदा खेळाडू घ्यायचे. गेल्या उन्हाळ्यात टीव्हीवर शहराशहरांच्या संघांचं क्रिकेट पाहिल्यापासून बदलापूरच्या विनीतच्या डोक्यात हे भूत होतं. त्याचं बॅनर छापायचं दुकान आहे, वय तीसच्या आत, बोलायला वस्ताद. टेनिस बॉल, आठ ओव्हरचा डाव, फक्त रविवारी सामने. नाव ठेवलंय उल्हासकाठ प्रीमियर लीग. बदलापूर, अंबरनाथ पूर्व, पालेगाव, उल्हासनगरचा कॅम्प चार, सगळ्यांचे रंगीत टी-शर्ट. कॅम्प चारचा संघ टेकचंद शेटनी घेतला, त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. आमच्या अंबरनाथ पूर्वेचा कप्तान किसन. आमच्याच गल्लीत लहानाचा मोठा झाला.

माझी बोली लागायचा प्रश्न नव्हता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोण घेणार? पण शेवटी विनीतने माइकवर मुख्य पंच म्हणून माझं नाव पुकारलं. माइक फारच भिकार होता, मला काही कळलंच नाही. शेजारी बसलेल्या यशोने, माझ्या लेकीने, कोपर मारलं तेव्हा उठलो. तोवर सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं.

वीस वर्षं पंचगिरी केली. दिलेला निर्णय एकदाही फिरवला नाही. आज त्याचं चीज झालं असं वाटलं.

७ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी विनीतबरोबर पालेगावला मैदान बघायला गेलो. महिपती आण्णांचं भाताचं शेत. कापणी झाल्यावर त्यांनी बांध काढून रोलर फिरवलाय. दोन वर्षांत तिथे इमारती उभ्या राहणार, व्यवहार झालाय म्हणे. आण्णा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "माझे बापाने ही जमीन कसली, मीपन कसली. आता शेवटचे दोन साल पोरांना खेलू दे. तुमी कालजी नका करू, एक खडा ठेवला नाय."

खरंच नव्हता. मी अनवाणी चालून पाहिलं.

घरी आलो तर बायकोचा, मालिनीचा, पारा चढलेला. म्हणे मी निघायच्या आधी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, मी शेजारच्या खोलीत बसून गॅस बंद केला नाही, डाळीचा लगदा झाला. नियमांचं पुस्तक वाचत होतो. माणूस वाचनात गुंतला की असं होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

११ जानेवारी, रविवार

पहिला दिवस! सकाळी साडेसातला माझा पांढरा कोट घालून उभा राहिलो तेव्हा शेताच्या चारही बाजूंना माणूसच माणूस. घरांच्या पत्र्यांवर पोरं, ट्रॅक्टरवर बायका. पालेगावच्या म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या. दिवसभरात तीन सामने झाले, एकही भांडण नाही.

यशोधरा अधिकृत गुणलेखक झाली. विसाव्या वर्षी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास सोडून. मी नको म्हणत होतो, तिने हट्टच धरला. शाळेत असताना माझ्या पंच परीक्षेसाठी तीच मला नियम वाचून दाखवायची, त्यामुळे सगळी कलमं तोंडपाठ. आज जेवणाच्या सुट्टीत तिने विनीतकडून दोन नवे नियम करून घेतले. गोलंदाज धावायला लागला की डीजे बंद. आणि अपील करायचं तर तोंडाने ओरडून भागणार नाही, हात वर केलाच पाहिजे. विनीत कुरकुरला, "अगं, डीजेशिवाय पब्लिकला मजा नाही." तिने ऐकलं नाही.

खेळाला शिस्त लागते ती अशी. तिच्यात माझा गुण आलाय.

१९ जानेवारी, सोमवार

काल पालेगावने बदलापूरला नऊ धावांत चार बळी घेऊन लोळवलं. महिपती आण्णा सीमारेषेवर नाचले. आज कंपनीत पॉवर प्रेसच्या, पत्रा ठोकायच्या मशीनच्या, धडधडाटातही सगळे लीगचंच विचारत होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा साहेबाने मला चहा पाजला. साहेब बोलतात फार हळू. हल्ली सगळ्यांनाच पुटपुटायची सवय लागलीय.

दाराची बेल बदलायला हवी. बिघडलीय. मालिनी म्हणते ठीक आहे.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर दोन सामने. किमान तीन हजार माणूस. एका स्थानिक पेपरात फोटो आला, त्यात मी आडवा हात करून चौकार देतोय. मालिनीने कापून फ्रिजवर लावला. आईवडील असते तर त्यांना दाखवला असता. बाबा गिरणीतून आल्यावर मला चाळीच्या बोळात गोलंदाजी करायचे.

कॅम्प चारचा गुरुदत्त म्हणजे देणगी आहे. टेकचंद शेटच्या कारखान्यात कटिंग मास्टर. दिवसभर कापड कापतो आणि रविवारी फलंदाज कापतो. डावखुरा, टप्पा पडल्यावर बॉल बाहेर नेतो. टेनिस बॉलने हे करणारा मी दुसरा पाहिला नाही. पायाही पडतो, "जय भीम काका" म्हणतो, आणि मग माझ्याच अंगावर येऊन अपील करतो.

८ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं मन नाही, पण लिहितो.

उपांत्य सामना. कॅम्प चार विरुद्ध अंबरनाथ पूर्व. शेवटची ओव्हर गुरुदत्तची, समोर किसन. चार चेंडू, अकरा धावा. तिसरा चेंडू बाहेर गेला, किसनने बॅट फिरवली, यष्टिरक्षकाने पकडला. अकराच्या अकरा जणांचे हात वर. मी किसनच्या बॅटकडे बघत होतो. कड लागल्याचं काहीही नव्हतं. मी मान हलवली. नाबाद.

गुरुदत्त खेळपट्टीवर बसला. मी सांगितलं, ऊठ, चेंडू टाक. उरलेले तीन चेंडू : षटकार, रिकामा, षटकार. अंबरनाथ अंतिम फेरीत.

मग जे झालं ते वीस वर्षांत झालं नव्हतं. "घरचा पंच! घरचा पंच!" कॅम्प चारची माणसं आत आली. पाण्याची बाटली माझ्या खांद्याला लागली. टेकचंद शेटनी आडवं येऊन त्यांना थांबवलं. मला मात्र एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

मी अंबरनाथचा आहे म्हणून अंबरनाथला झुकतं माप देईन? मी? संध्याकाळी घरी यशोला म्हणालो, "तू तंबूत बसलेलीस. तू सांग, काही आवाज आला?"

ती वहीवरून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आला. मी ऐकला."

"सत्तर यार्डांवरून तू ऐकलास आणि पंचवीस पावलांवरून मी नाही?"

"हो."

मी तिच्यावर हात उगारला. पहिल्यांदा. मारलं नाही. पण उगारला.

९ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेलो नाही. सकाळी खिडकीशी बसलो होतो. वळून बघितलं तर यशो आणि मालिनी माझ्या मागे दारात उभ्या. यशोचे डोळे लाल.

"काय झालं?"

मालिनी म्हणाली, "पोरीने तुम्हाला मागून पाच वेळा हाक मारली. आधी हळू, मग ओरडून. शेजारच्या शीलाताई दार उघडून बघायला आल्या."

मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं. मालिनी शेजारी बसली आणि एक एक सांगायला लागली. टीव्हीचा आवाज. कुकर. बेल. फोन. तीन वर्षांपासून, म्हणाली. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही." आणि हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उल्हासनगरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. मी शहाण्यासारखा बसून राहिलो. काचेपलीकडची मुलगी चकती फिरवत होती, कागदावर खुणा करत होती, मध्येच माझ्याकडे बघत होती. मला वाटलं अजून सुरू व्हायचंय.

सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी कागद दाखवला. डावीकडे रेघ ठीक चालते आणि मग दरीत पडावी तशी खाली. "काय काम करता?" प्रेसवर, म्हणालो, सव्वीस वर्षं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, जाड आवाज अजून येतील. बारीक आवाज गेले. शिट्टी, बेल, पाखरं. परत यायचे नाहीत. मशीन लावलं तर थोडं भागेल.

मी विचारलं, "टेनिस बॉलला बॅटची कड लागली तर?"

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "नाही हो. ते तुम्हाला नाही ऐकू येणार."

रिक्षाने परत येताना मी या महिन्यातले सगळे झेलबादचे निर्णय आठवत होतो. आणि गेल्या वर्षीचे. आणि त्याच्या आधीचे. निर्णय फिरवत नाही, याचा केवढा ताठा होता मला. कोणाकोणाला बाद असून ठेवलं, नसताना काढलं, देव जाणे.

कोणाला सांगितलंच पाहिजे का? अंतिम सामन्यात तब्येत बरी नाही म्हणून घरी बसलो तर विषय संपेल. लीग दोन वर्षांची, शेताच्या इमारती होतील, लोक विसरतील. हे मी खरंच मनात आणलं. लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

पाळी संपवून कॅम्प चारला गेलो. गल्लीत निळ्या कापडाचे ढीग, हातगाड्या, वर चाळीस शिलाई मशीन एकदम चालू. गुरुदत्त टेबलावर कापडाच्या थरांवर खडूने रेघा मारत होता. मला बघून त्याने खडू ठेवला नाही.

"काका, आता काय राहिलंय?"

मी डॉक्टरांचा कागद त्याच्या कापडावर पसरला. म्हणालो, "मला ऐकू येत नाही. मला स्वतःला परवा कळलं. घरात पोरीला माहीत होतं. मी विचारलं तेव्हा तिने माझ्या तोंडावर सांगितलं, बाबा, मी कड ऐकली. मी तिच्यावर हात उगारला."

तो कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे तो आउट होता."

"मला माहीत नाही. तुझे हात दिसले. आवाज आलाच नाही. जे मला माहीत नव्हतं ते मी माहीत असल्यासारखं सांगितलं. माझी चूक तेवढी, आणि ती पुरेशी आहे."

मशीनच्या आवाजात तो काहीतरी बोलला, मला कळलं नाही. त्याच्या ते लक्षात आलं. तो टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आला, तोंड माझ्याकडे करून सावकाश म्हणाला, "पब्लिकसमोर बोलाल?"

"बोलेन."

टेकचंद शेट केव्हा मागे येऊन उभे राहिले होते कोण जाणे. म्हणाले, "साईं, चालीस साल से धंधा करता हूँ. अपना तराजू खराब था, ऐसा खुद आके बोलनेवाला पहला आदमी देखा." मग पोऱ्याला न पाठवता स्वतः खाली जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

विनीतच्या दुकानात बैठक. अंबरनाथ आणि कॅम्प चार, दोन्ही संघांचे मालक, कप्तान, गुरुदत्त, मी. छापलेल्या बॅनरवर अंबरनाथ विरुद्ध बदलापूर असं आधीच झळकत होतं. मी सगळं सांगितलं. विनीत डोकं धरून बसला. "काका, पंचाचा निर्णय अंतिम. नियमच आहे. आता मागे गेलो तर उद्या प्रत्येक जण मागे जाईल." आमच्या संघाचे मालकही तेच म्हणाले, जरा मोठ्याने.

मी म्हणालो, निकाल बदला असं मी म्हणत नाही. मी फक्त उद्यापासून पंच नाही, आणि का नाही ते लोकांना सांगणार.

तेवढ्यात कोपऱ्यातून किसन बोलला. इतका वेळ तो मान खाली घालून टोपीची कड चुरगाळत होता. "लागला होता."

विनीतने डोकं वर केलं.

"बॅटला लागला होता. मला हाताला कळलं. म्हटलं, पंच देत नाही तर आपण कशाला जायचं? सगळेच उभे राहतात." माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही कॅम्प चारला गेलात हे काल कळलं. तेव्हापासून जेवण जात नाही काका. आम्ही फायनलला असं जाणार नाही."

त्याच्या मालकांनी बरंच काही ऐकवलं. किसन एकच वाक्य बोलत राहिला, "मग कप्तान दुसरा बघा."

शेवटी ठरलं ते असं. रविवारी सकाळी अंतिम सामन्याआधी त्या चेंडूपासून सामना पुढे. किसन बाद. तीन चेंडू, अकरा धावा, नवा फलंदाज. यशोच्या वहीत क्षेत्ररक्षण सोडून सगळं आहे.

आता पंच कोण? कल्याणचे एक येणार, दुसरे लग्नाला गावी गेलेले. विनीत म्हणाला, गोलंदाजाच्या बाजूला उभा कोण राहणार? गुरुदत्त म्हणाला, "ज्या पोरीने बापाच्या तोंडावर खरं सांगितलं, तिला उभी करा."

"अरे, मुलगी? पाच हजार पब्लिक..." विनीत म्हणाला.

"पब्लिक को मैं देखता हूँ," टेकचंद शेट म्हणाले.

"पण ती अंबरनाथची आहे," मीच म्हणालो. गुरुदत्त हसला. आठ तारखेनंतर पहिल्यांदा.

१५ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहितो, सावकाश.

सकाळी विनीतने माइक दिला. मी म्हणालो, माझं नाव प्रमोद तांबे. गेल्या रविवारी किसनची कड मला ऐकू आली नाही, कारण माझे कान गेलेत. मी कोणाच्या बाजूचा नव्हतो. पण मी बरोबरही नव्हतो. आजपासून मी या कोटाला लायक नाही. एवढंच. माइक परत दिला. कोणी टाळी वाजवली नाही, शिवीही दिली नाही. आण्णा पुढे आले आणि आपली खुर्ची मला दिली, तंबूत गुणलेखकाच्या टेबलाशी.

माझा कोट यशोला गुडघ्याखाली येत होता. बाह्या दुमडल्या. चालत गेली तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली असावी, कारण टेकचंद शेट तिकडे वळून बघत उभे राहिले आणि तिकडची गर्दी गप्प झाली.

माझ्यापुढे तिची वही, हातात पेन्सिल.

पहिला चेंडू, चौकार. अंबरनाथची बाजू उसळली. दुसरा, ढकलून दोन धावा. आता एक चेंडू, पाच धावा. म्हणजे षटकारच हवा. गुरुदत्तने बॉल पँटला पुसला. धावायला लागला. डीजे बंद.

चेंडू हातातून सुटला तो टप्पा न पडता थेट कमरेकडे. फलंदाजाने जिवाच्या आकांताने बॅट फिरवली. चुकली. स्टंप उडाले.

आमचे सगळे मैदानात धावले. "नो बॉल! कमरेच्या वर!" माझी सगळी गल्ली होती त्यात. पेपरवाला, शीलाताईंचा मुलगा, विहारात रविवारी माझ्या शेजारी बसणारी माणसं. मी टेबलाशी बसून बघत होतो. कमरेच्या वर होता की खाली? मला इथून सांगता येत नव्हतं. वीस वर्षांत प्रथमच मला ठरवायचंच नव्हतं.

यशो एकटी मध्ये उभी. भोवती पंधरा-वीस माणसं हात नाचवतायत. तिने कोणाला उत्तर दिलं नाही. किसनकडे बघितलं, फलंदाजाकडे बघितलं, आणि बोट वर केलं. सरळ.

मी वहीत बाद लिहिलं.

"घरच्यांनाच बुडवलं!" एक जण तिच्या तोंडाशी जाऊन ओरडला. किसनने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. मग टोपी काढली, यशोशी हात मिळवला, आणि आपल्या पोरांना घेऊन मैदानाबाहेर निघाला. मागून एकेक करत सगळे गेले.

दुपारी अंतिम सामना. कॅम्प चार हरला, बदलापूर जिंकलं, तेही चार गडी राखून. गुरुदत्तने दोन बळी घेतले. एकदा पायचीतसाठी यशोच्या अंगावर येऊन हात वर केले. तिने नाही म्हणताच वळून आपल्या जागी चालत गेला. आपल्याकडे पायचीत नाहीच, हे तो विसरला होता. ती नव्हती विसरली.

चषक देताना विनीतने सगळ्यांचे आभार मानले. लीगची सुरुवात कशी झाली, सहा संघ कसे उभे राहिले, सगळं सांगितलं. मला निम्मं कळलं. पण पहिलं वर्ष निभावलं, आणि खरं निभावलं. ते ज्यांनी निभावलं त्यांत माझं घर आहे.

घरी येताना यशोला म्हणालो, तो हात उगारला होता त्याबद्दल... ती म्हणाली, "बाबा, शेवटचा कमरेच्या खाली होता. चार बोटं."

"मी विचारलं नाही."

"माहितीये. म्हणून सांगितलं."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कान उजवा आणि डावा, दोन्हींचं माप देऊन आलो. मशीन पुढच्या महिन्यात. गल्लीत दोन-तीन घरं बोलत नाहीत. बोलतील.

संध्याकाळी तीन अनोळखी माणसं दारात उभी. मालिनी विहारात गेली होती, दार मीच उघडलं. बदलापूर गावात मार्चमध्ये स्पर्धा आहे, बत्तीस संघ, आठ दिवस. एकाने माझ्याकडे नीट बघून, तोंड माझ्या समोर आणून मोठ्याने विचारलं, "पंच घरात आहेत का?"

मी शर्टाची कॉलर नीट केली. म्हणालो, "बसा ना. पण मी आता पंच नाही राहिलो, तुम्ही ऐकलं असेल."

"हो काका, ऐकलं. आम्ही ताईंना विचारायला आलोय."

मी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि आत गेलो. यशो पुस्तकं पसरून बसली होती, तोंडी परीक्षा आठवड्यावर.

"ऊठ," म्हणालो. "पंचांना भेटायला माणसं आलीत."